लोड वाढला की बूस्ट कन्व्हर्टर आधी उलटा का जातो, आणि त्याला लवकर कसं सावरायचं

१२ व्होल्टच्या बॅटरीवर २४ व्होल्टचा थर्मल प्रिंटर चालवायचा तर मधे बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज चढवणारं सर्किट, लागतो. प्रिंटर नुसता चालू असताना ०.२ अँपियर घेतो, छपाई सुरू झाली की एकदम २ अँपियर. त्या क्षणी २४ व्होल्टची रेल, म्हणजे आउटपुटची पुरवठा लाइन, खाली बसते आणि काही वेळाने सावरते. ती किती बसते आणि किती वेळात सावरते, यालाच डायनॅमिक रिस्पॉन्स म्हणतात. व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर अशा झटक्याला पटकन उत्तर देतो. बूस्ट मात्र तेवढ्याच किमतीच्या पार्टमध्ये सुस्त वाटतो. ही सुस्ती कंट्रोलर आयसीची नसते, सर्किटच्या रचनेतच असते. म्हणून इलाजही आधी पॉवर स्टेजमध्ये करायचा, कॉम्पेन्सेशनचे, म्हणजे कंट्रोलचा लूप (आउटपुट पाहून दुरुस्ती करणारी साखळी) स्थिर ठेवणारे, रेझिस्टर-कपॅसिटर त्यानंतर.

पुढचे सगळे आकडे एकाच डिझाइनचे आहेत: इनपुट १० ते १४.५ व्होल्ट, आउटपुट २४ व्होल्ट, लोड ०.२ ते २ अँपियर, स्विचिंग २०० किलोहर्ट्झ, इंडक्टर २२ मायक्रोहेन्री, आउटपुट कपॅसिटर २२० मायक्रोफॅरड आणि त्याचा ईएसआर, म्हणजे आतला सिरीज रोध, ३० मिलिओहम. गणित १० व्होल्ट इनपुटवर केलं आहे, कारण बूस्टची सगळ्यात वाईट अवस्था बॅटरी उतरलेली आणि लोड पूर्ण असताना येते. तिथे ड्यूटी सायकल (प्रत्येक सायकलमध्ये स्विच जोडलेला असण्याचा हिस्सा) ०.५८३ आणि इंडक्टरचा सरासरी करंट ४.८ अँपियर.

उलटं पाऊल कुठून येतं

बूस्टमध्ये स्विच बंद होऊन सर्किट तुटलं की मगच इंडक्टरमधला करंट डायोडमधून आउटपुटकडे जातो. स्विच जोडलेला असेपर्यंत लोडला फक्त कपॅसिटर पोसतो. लोड वाढला, व्होल्टेज घसरलं, म्हणून कंट्रोलरने ड्यूटी वाढवली, तर स्विच जास्त वेळ जोडलेला राहतो आणि डायोडच्या वाट्याला कमी वेळ येतो. इंडक्टरचा करंट अजून वाढलेला नसतो. परिणामी मदत मागितल्या मागितल्या आउटपुटला आधीपेक्षा कमी करंट मिळतो. विहिरीवर मोट जास्त भरून काढायची तर ती पाण्यात जरा जास्त वेळ बुडवून ठेवावी लागते आणि तेवढा वेळ थारोळ्यात पाणी पडत नाही, तसाच हा प्रकार.

कंट्रोलच्या भाषेत याला राइट हाफ प्लेन झिरो म्हणतात. झिरो म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीपासून गेन चढू लागतो ती जागा. साधा झिरो गेन वाढवतो आणि फेज (सिग्नलची वेळेतली जागा) पुढे ढकलतो. हा झिरो गेन वाढवतो, पण फेज मागे खेचतो, म्हणून कॉम्पेन्सेशनने तो रद्द करता येत नाही. त्याची फ्रिक्वेन्सी काढायची तर लोडचा रोध गुणिले (१ वजा ड्यूटी) चा वर्ग, भागिले (२ × पाय × इंडक्टन्स). आपल्या डिझाइनमध्ये लोडचा रोध १२ ओहम, म्हणून १० व्होल्टवर उत्तर येतं सुमारे १५ किलोहर्ट्झ. १२ व्होल्टवर तेच २१.७ किलोहर्ट्झ होतं. लूपची क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिथे लूपचा गेन १ वर उतरतो ती, या झिरोच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास ठेवायची, म्हणजे ३ किलोहर्ट्झ. स्विचिंग २०० किलोहर्ट्झचं असूनही लूप ३ किलोहर्ट्झचा!

३ किलोहर्ट्झचा लूप किती डिप (व्होल्टेजची घसरण) देतो याचा अंदाज सोपा आहे: लोडमधली उडी भागिले (२ × पाय × क्रॉसओव्हर × कपॅसिटन्स). १.८ अँपियरच्या उडीला हे ०.४३ व्होल्ट येतं. ईएसआरचे ५४ मिलिव्होल्ट वेगळे.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. कंट्रोलर सर्वज्ञ असता आणि लोड वाढताच त्याने स्विच सलग जोडून ठेवला असता, तर इंडक्टरचा करंट ०.४८ वरून ४.८ अँपियरवर जायला ९.५ मायक्रोसेकंद लागले असते. तेवढ्या वेळात २ अँपियरने कपॅसिटर जेमतेम ८६ मिलिव्होल्ट उतरला असता. म्हणजे या पार्टची भौतिक मर्यादा ८६ मिलिव्होल्टच्या आसपास आणि लूप देतो ४३० पेक्षा जास्त. डायनॅमिक रिस्पॉन्स सुधारण्याचे सगळे उपाय या दोन आकड्यांच्या मधे राहतात, किंवा त्यातला पहिला आकडा खाली आणतात.

इंडक्टर लहान करा

सगळ्यात जास्त फळ देणारा बदल हाच. १० मायक्रोहेन्री लावला तर झिरो १५ वरून ३३ किलोहर्ट्झवर जातो, क्रॉसओव्हर ६.६ किलोहर्ट्झ ठेवता येतो आणि तेवढ्याच २२० मायक्रोफॅरडवर डिप ०.२ व्होल्टवर येतो. किंमत रिपलमध्ये, म्हणजे प्रत्येक सायकलला करंटमध्ये होणाऱ्या चढउतारात, मोजावी लागते: २२ मायक्रोहेन्रीवर रिपल १.३३ अँपियर होता, १० वर तो २.९ होतो, म्हणजे सरासरी करंटच्या ६० टक्के. इंडक्टरचा कोअर लॉस, कपॅसिटरमधली उष्णता आणि आउटपुट रिपल तिन्ही वाढतात. स्विचिंग ४०० किलोहर्ट्झ केलं तर रिपल परत दीड अँपियरच्या आत येतो, पण स्विचचं काम करणाऱ्या मॉसफेटचा स्विचिंग लॉस साधारण दुप्पट. ४८ वॉटच्या डिझाइनमध्ये चांगला मॉसफेट आणि शॉट्की डायोड असेल तर हे परवडतं. मोठ्या पॉवरला हिशोब बदलतो.

तिथे टू-फेज इंटरलीव्ह्ड बूस्ट घ्यावा. २२ मायक्रोहेन्रीचे दोन इंडक्टर, दोन मॉसफेट, १८० अंशांच्या फरकाने. प्रत्येकात निम्मा करंट, कंट्रोलला दिसणारा इंडक्टन्स ११ मायक्रोहेन्री, म्हणून झिरो आपोआप दुप्पट वर. ड्यूटी ०.५ जवळ असेल तर इनपुटचा रिपल जवळजवळ पूर्ण कटतो. पार्ट वाढतात आणि दोन्ही फेजमध्ये करंट सारखा वाटला जाईल याची काळजी घ्यावी लागते. करंट मोडमध्ये (कंट्रोलर इंडक्टरचा करंट थेट ताब्यात ठेवतो ती पद्धत) ती बरीचशी आपोआप घेतली जाते.

इंडक्टर निवडताना सॅच्युरेशन करंट (ज्याच्या पुढे इंडक्टन्स कोसळतो) कंट्रोलरच्या करंट लिमिटच्या वर हवा, नुसत्या सरासरीच्या वर असून भागत नाही. आपल्या २२ मायक्रोहेन्रीच्या डिझाइनमध्ये स्थिर अवस्थेतला पीक ५.५ अँपियर आहे. लिमिटही ५.५ अँपियरलाच लावली तर स्थिर लोड चालेल, पण झटक्यानंतर कपॅसिटर परत भरायला लागणारा जादा करंट कुठून येणार? रेल खाली बसून रेंगाळते आणि माणूस कॉम्पेन्सेशनमध्ये चूक शोधत बसतो. लिमिट ७ ते ७.५ अँपियर ठेवा आणि इंडक्टर ८.५ अँपियरला, तोही तापलेल्या अवस्थेत सॅच्युरेट न होणारा घ्या. फेराइट कोअर सॅच्युरेट होतो तो एकदम होतो.

कपॅसिटर: नुसता वाढवून का भागत नाही

डिप जास्त दिसला की बोर्डवर समांतर आणखी एक इलेक्ट्रोलिटिक लावायचा, ही पहिली प्रतिक्रिया असते. २२० च्या जागी ४७० मायक्रोफॅरड लावला आणि कॉम्पेन्सेशन तसंच ठेवलं, तर डिप जवळपास तेवढाच राहतो. कारण करंट मोडमध्ये क्रॉसओव्हर कपॅसिटन्सच्या व्यस्त प्रमाणात हलतो. कपॅसिटर दुप्पट झाला, क्रॉसओव्हर निम्मा झाला, दोघांचा गुणाकार तोच राहिला, आणि डिप त्या गुणाकारावरच अवलंबून आहे. शिवाय सावरायला आता जास्त वेळ लागतो. कपॅसिटर वाढवल्यावर कॉम्पेन्सेशनचा रेझिस्टर त्याच प्रमाणात वाढवला, म्हणजे क्रॉसओव्हर परत ३ किलोहर्ट्झवर आणला, तरच पैसे वसूल होतात.

सिरॅमिक कपॅसिटरचा वेगळा सापळा आहे. छापील १० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, एक्स७आर असला तरी २४ व्होल्ट डीसी पडल्यावर त्याचा कपॅसिटन्स बराच घटतो. लहान आकाराच्या केसमध्ये निम्म्याच्याही खाली जातो. उत्पादकाच्या डीसी बायस आलेखातून खरा आकडा काढून तोच गणितात घाला. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकची अडचण थंडीत दिसते, शून्याखाली ईएसआर कित्येक पट चढतो. बूस्टच्या आउटपुट कपॅसिटरमध्ये डायोडचा तुटक करंट घुसतो. ५.५ अँपियरच्या शिखराला ३० मिलिओहमवर १६५ मिलिव्होल्टची उडी प्रत्येक सायकलला पडते. म्हणून पॉलिमर किंवा कमी ईएसआरचा इलेक्ट्रोलिटिक साठ्यासाठी आणि मॉसफेट-डायोडच्या अगदी जवळ दोन-तीन सिरॅमिक धारदार करंटसाठी, अशी जोडी लावा.

करंट मोड आणि त्याचा हिशोब

व्होल्टेज मोडमध्ये, म्हणजे फक्त आउटपुट व्होल्टेज पाहून ड्यूटी ठरवताना, इंडक्टर आणि कपॅसिटर मिळून एक रेझोनन्स तयार करतात आणि बूस्टमध्ये तो जागेवर राहत नाही. आपल्या आकड्यांत १० व्होल्टवर ९५० हर्ट्झ, १४.५ व्होल्टवर १,३८० हर्ट्झ. सरकत्या रेझोनन्सला दोन झिरोंच्या टाइप थ्री कॉम्पेन्सेटरने सांभाळायचं आणि वर तो उलटा झिरोही सांभाळायचा, यात बँडविड्थ हातची जाते. पीक करंट मोडमध्ये आतला लूप इंडक्टरचा करंट ताब्यात ठेवतो. मग बाहेरच्या लूपला एकच पोल (जिथून गेन उतरू लागतो ती फ्रिक्वेन्सी) दिसतो, पूर्ण लोडवर सुमारे १२० हर्ट्झला, आणि एका झिरोचा टाइप टू पुरतो. उलटा झिरो मात्र करंट मोडमध्येही जागचा हलत नाही, हे विसरू नका.

ट्रान्सकंडक्टन्स एरर अँप्लिफायर (व्होल्टेजमधल्या चुकीच्या प्रमाणात करंट देणारा) असलेल्या आयसीसाठी कॉम्प म्हणजे कॉम्पेन्सेशनच्या पिनवरचा रेझिस्टर असा काढायचा: (२ × पाय × क्रॉसओव्हर × कपॅसिटन्स × करंट सेन्सचा गेन × आउटपुट व्होल्टेज) भागिले ((१ वजा ड्यूटी) × ट्रान्सकंडक्टन्स × रेफरन्स व्होल्टेज). करंट सेन्सचा एकूण गेन ०.१ व्होल्ट प्रति अँपियर, म्हणजे १० मिलिओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रोध) आणि आत १० पट गेन. ट्रान्सकंडक्टन्स १ मिलिसीमेन्स, रेफरन्स १.२ व्होल्ट. ३ किलोहर्ट्झसाठी उत्तर २० किलोओहम. सिरीजमधला कपॅसिटर क्रॉसओव्हरच्या पाचव्या हिश्शावर, ६०० हर्ट्झवर झिरो देईल असा, म्हणजे १३ नॅनोफॅरडच्या आसपास, १२ किंवा १५ लावा. समांतर छोटा कपॅसिटर १५ किलोहर्ट्झच्या पोलसाठी, ५६० पिकोफॅरड. हे सगळं धरून फेज मार्जिन, म्हणजे लूप डोलायला लागण्याआधी हाताशी उरलेली फेज, सुमारे ६५ अंश येतं. क्रॉसओव्हर १० किलोहर्ट्झपर्यंत ताणला तर ते ४२ वर उतरतं, १५ वर ३० अंशांवर. कागदावर ४२ चालेल असं वाटतं, पण पार्टच्या टॉलरन्समध्ये आणि तापमानात ते कुठे जाईल याची खात्री नसते. त्या भानगडीत पडू नये.

१० मायक्रोहेन्री आणि ४०० किलोहर्ट्झचा पर्याय घेतला, तर ६.६ किलोहर्ट्झसाठी रेझिस्टर ४३ किलोओहम, सिरीज कपॅसिटर २.७ नॅनोफॅरड आणि छोटा १५० पिकोफॅरड. फेज मार्जिन पुन्हा ६५ च्या वरच राहतं, डिप निम्म्याहून कमी होतो.

ड्यूटी ५० टक्क्यांच्या वर गेली की पीक करंट मोडला स्लोप कॉम्पेन्सेशन लागतं, नाहीतर एक सायकल लांब, एक आखूड असा सबहार्मोनिक डोल सुरू होतो. तो ऐकूही येऊ शकतो. किमान मात्रा इंडक्टर करंटच्या उताराच्या निम्मी: २४ वजा १०, भागिले २२ मायक्रोहेन्री, म्हणजे ०.६४ अँपियर प्रति मायक्रोसेकंद, त्याच्या निम्मे ०.३२. इंडक्टर १० मायक्रोहेन्री केला की हा उतार १.४ होतो. आयसीमध्ये स्लोप आतच ठरवलेला असेल तर छोट्या इंडक्टरला तो पुरतो का, हे आधी तपासा. उलट गरजेपेक्षा फार जास्त स्लोप दिला तर सर्किट व्होल्टेज मोडकडे झुकतं, आणि बऱ्याच आयसींत जास्त ड्यूटीवर करंट लिमिटही घटते. म्हणजे बॅटरी उतरल्यावर, नेमकी गरज असताना.

लोडची बातमी थेट द्या

फीडबॅक लूपला लोड वाढल्याचं कळतं ते व्होल्टेज घसरल्यानंतर. लोडचा करंट थेट मोजून कंट्रोलरला सांगितला तर ही वाट पाहायची गरज उरत नाही. यालाच लोड करंट फीडफॉरवर्ड म्हणतात आणि ॲनालॉग बोर्डवरही तो बसवता येतो. आउटपुट कपॅसिटरच्या पुढे, लोडच्या वाटेत २० मिलिओहमचा शंट लावा. कपॅसिटरच्या अलीकडे लावला तर तो डायोडचे पल्स मोजेल आणि सगळं बिघडेल. करंट सेन्स अँप्लिफायर २०० किलोहर्ट्झपेक्षा जास्त बँडविड्थचा घ्या. गेन किती? १ अँपियर लोडमागे इंडक्टरला १४.५ व्होल्टवर १.६६ आणि १० व्होल्टवर २.४ अँपियर लागतात. गेन स्थिर ठेवणार असाल तर लहान आकड्याच्याही जरा खाली, १.४ ते १.५ धरा, म्हणजे कॉम्प पिनवर लोडच्या प्रत्येक अँपियरला ०.१४ ते ०.१५ व्होल्ट. शंट ०.०२ व्होल्ट प्रति अँपियर देतो, म्हणून अँप्लिफायरचा गेन ७.

हा सिग्नल आत घालायचा सोपा मार्ग असा: कॉम्प पिनच्या नेटवर्कचं खालचं टोक ग्राउंडऐवजी या अँप्लिफायरच्या आउटपुटला जोडा. ट्रान्सकंडक्टन्स अँप्लिफायरचं आउटपुट उच्च रोधाचं असल्यामुळे खालचं टोक जेवढं उचललं तेवढा कॉम्प पिन लगेच उचलला जातो. छोटा ५६० पिकोफॅरडही त्याच टोकाला न्या. तो ग्राउंडलाच राहिला तर २० किलोओहमबरोबर ११ मायक्रोसेकंदांचा विलंब घालतो आणि फायदा गिळतो. सिरीज कपॅसिटरमुळे डीसीची चूक फीडबॅक हळूहळू भरून काढतो, त्यामुळे गेन तंतोतंत नसला तरी चालतं. जास्त मात्र नको, रेल डिप खाण्याऐवजी वर उसळते. उपाय सांभाळून केला तर डिप भौतिक मर्यादेच्या बराच जवळ येतो, आणि झटपट आउटपुट हवं असेल तिथे लूप ताणण्यापेक्षा हाच रस्ता चांगला. लूप स्थिर आणि निवांत राहतो, झटक्याचं काम फीडफॉरवर्ड करतो.

डिजिटल कंट्रोलरमध्ये फीडफॉरवर्डचा गेन इनपुट व्होल्टेजनुसार बदलता येतो, कॉम्पेन्सेटरचे गुणांकही. त्याची किंमत विलंबात मोजावी लागते: सॅम्पल ते नवीन ड्यूटी यात साधारण दीड सायकल जाते, २०० किलोहर्ट्झला ७.५ मायक्रोसेकंद. ३ किलोहर्ट्झवर हे ८ अंश खातं, १० किलोहर्ट्झवर २७.

उलटा झिरो मुळातूनच घालवणारी एक रचनाही आहे, ट्राय-स्टेट बूस्ट. इंडक्टरला समांतर आणखी एक स्विच लावतात आणि प्रत्येक सायकलमध्ये थोडा वेळ करंट त्यातूनच फिरता ठेवतात. मग इंडक्टर भरण्याचा वेळ त्या फिरत्या वेळातून काढता येतो, डायोडचा वेळ कापावा लागत नाही. पण तो करंट फुकट फिरताना तापवतो, म्हणून कार्यक्षमता महत्त्वाची असलेल्या बॅटरीच्या कामाला ही रचना जड पडते.

दोन गोष्टी ज्यांनी बोर्ड जळतात किंवा अडकतात

पहिली, कमाल ड्यूटी. बूस्टमध्ये ड्यूटी एका टोकाच्या पुढे गेली की रोधातल्या नुकसानामुळे आउटपुट वाढण्याऐवजी घटतं. कंट्रोलर आणखी ड्यूटी वाढवतो, आउटपुट आणखी घटतं आणि तो तिथेच अडकतो. आपल्याला १० व्होल्टवर ५८ टक्के लागते, बॅटरी ८ वर बसली तर ६७. कमाल ड्यूटी ८० टक्क्यांवर बांधून टाका.

दुसरी, हलका लोड. ०.२ अँपियरवर हा कन्व्हर्टर डिसकंटिन्युअस मोडमध्ये आहे, म्हणजे इंडक्टरचा करंट प्रत्येक सायकलमध्ये शून्यावर येतो, कारण १० व्होल्टवर सीमा ०.२८ अँपियरला येते. तिथे उलटा झिरो त्रास देत नाही, पण लूपचा गेन थोडा घटतो, आणि झटका सुरू होतो तो याच अवस्थेतून. सिंक्रोनस बूस्ट (डायोडच्या जागी मॉसफेट असलेला) सक्तीच्या कंटिन्युअस मोडमध्ये चालवला तर ही उडी टळते, बदल्यात हलक्या लोडवर बॅटरी जास्त खर्च होते. पल्स स्किपिंग (हलक्या लोडवर काही सायकली गाळणं) चालू असेल तर पहिल्या डिपमध्ये जागं व्हायचा वेळही मिसळतो.

मोजायचं कसं

२७ ओहम, १० वॉटचे दोन रेझिस्टर समांतर जोडा, १३.५ ओहम होतात आणि १.७८ अँपियरची उडी देतात. खाली एक लॉजिक लेव्हल मॉसफेट, १०० हर्ट्झवर १ मिलिसेकंद चालू, ९ मिलिसेकंद बंद. सरासरी उष्णता ४.३ वॉटच, दोघांत वाटलेली. कायमच्या ०.२ अँपियरसाठी १२० ओहम, १० वॉटचा वेगळा. स्कोपचा प्रोब लांब ग्राउंड वायरशिवाय, टोकाच्या स्प्रिंगने थेट आउटपुट कपॅसिटरवर टेकवा. एसी कपलिंग, १०० मिलिव्होल्ट आणि १०० मायक्रोसेकंद प्रति डिव्हिजन, बँडविड्थ लिमिट २० मेगाहर्ट्झ.

इनपुटलाही एक प्रोब लावाच. बेंच सप्लाय मीटरभर वायरने जोडलेला असेल तर झटक्याला इनपुटच एक-दोन व्होल्ट बसतो आणि दोष बूस्टच्या माथी येतो. बोर्डजवळ ४७० ते १,००० मायक्रोफॅरड टाका. इनपुटला इंडक्टर-कपॅसिटरचा फिल्टर असेल तर आणखी जपा. ४८ वॉटचा बूस्ट १० व्होल्टवर फिल्टरला उणे २ ओहमच्या रोधासारखा दिसतो, आणि फिल्टर नीट डॅम्प केलेला नसेल तर तोच डोलायला लागतो.

लहर एकदा खाली जाऊन गुळगुळीत वर आली तर फेज मार्जिन ६० च्या आसपास आहे. एक-दोन डोल दिसले तर ४५ कडे, चार-पाच दिसले तर कॉम्पेन्सेशन बदला. सुरुवातीची उभी उडी ईएसआरची, नंतरचा उतार कपॅसिटन्स आणि लूपचा. उभी उडी मोठी असेल तर कपॅसिटर बदला, उतार मोठा असेल तर लूप किंवा इंडक्टर. लोड सुटतानाचा ओव्हरशूटही पाहा. ४.८ अँपियरचा इंडक्टर रिकामा होईपर्यंत कपॅसिटर किमान ७५ मिलिव्होल्ट चढणारच, त्यावर लूपचा भाग चढतो.

हीच चाचणी १०, १२ आणि १४.५ व्होल्टवर, बोर्ड थंड असताना आणि अर्धा तास पूर्ण लोडवर तापल्यावर करा. १२ व्होल्टला खोलीच्या तापमानात सुंदर दिसणारा लूप १० व्होल्टला गरम इंडक्टरबरोबर डोलू शकतो, म्हणून कॉम्पेन्सेशनचे अंतिम आकडे तिथलेच धरा.